मुंग्यांची अट

सासऱ्यांनी अट घातली तेव्हा ओट्यावर एकोणीस मुंग्या होत्या. मी मोजल्या नव्हत्या. त्यांनी मोजल्या होत्या, मोठ्याने, एकेकीवर बोट रोखत.

"एकोणीस," ते म्हणाले. "आणि ह्या नुसत्या दिसतात तेवढ्या. घरातल्या मुंग्या आवरत नाहीत, आणि म्हणे कारखान्यात औषधं तपासणार."

नेमणुकीचं पत्र दोन दिवसांपूर्वीच आलं होतं. कामणच्या अलीकडे गोळ्या बनवणारा एक लहान कारखाना होता. तिथल्या प्रयोगशाळेत मला घेतलं होतं. सात जूनला, सोमवारी, हजर व्हायचं. त्या दिवशी न आल्यास नेमणूक रद्द समजावी, असं शेवटच्या ओळीत लिहिलं होतं. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी अंधेरीच्या एका कंपनीत चार वर्षं काम केलं होतं आणि अनुष्काच्या वेळी ते सोडलं होतं. अनुष्का आता अडीच वर्षांची होती. नालासोपाऱ्यासारख्या ठिकाणी राहून घराजवळ असं काम पुन्हा मिळेल, ह्याची मला आशा नव्हती.

"बाबा, मुंग्यांचा आणि नोकरीचा काय संबंध?" मी विचारलं.

"संबंध मी सांगतो. ज्या दिवशी ह्या स्वयंपाकघरात मला एक मुंगी दिसणार नाही, त्या दिवशी खुशाल जा. मी अडवणार नाही. जितेश, ऐकलंस? माझा शब्द आहे."

जितेश, माझा नवरा, दारात बसून बुटाच्या नाड्या बांधत होता. "ऐकलं," तो म्हणाला, आणि डबा उचलून निघून गेला.

त्याचं ते 'ऐकलं' महत्त्वाचं होतं. कारखाना साडेपाचला सुटायचा आणि मला घरी यायला सात वाजले असते. गासच्या रस्त्यावर इझाबेलबाईंचं पाळणाघर होतं, ते सहाला बंद व्हायचं. जितेश छापखान्यात सकाळच्या पाळीला होता, साडेपाचला घरी यायचा. त्याने रोज अनुष्काला आणलं तर माझी नोकरी शक्य होती, नाही तर नाही. आणि वडील नाही म्हणाले असते तर त्याने आणलं नसतं. लग्नाला पाच वर्षं झाली होती. ह्या बाबतीत माझ्या मनात कसलीही शंका उरली नव्हती.

सासरे शिधावाटप खात्यात तपासनीस होते. निवृत्त झाले, सासूबाई गेल्या, पण तपासणी थांबली नाही. रोज पहाटे साडेपाचला ते चष्मा लावून, हातात टॉर्च घेऊन स्वयंपाकघरात यायचे. डब्यांची झाकणं दाबून बघायचे. ओट्याच्या कडप्प्यावरून बोट फिरवायचे आणि ते बोट माझ्यासमोर धरायचे. मुंग्या त्यांना आयत्या सापडल्या होत्या. त्या उन्हाळ्यात पाण्याचा टँकर तीन दिवसांनी एकदा यायचा. प्रत्येक घरात पिंपं भरून ठेवलेली असायची, आणि पिंपाखालच्या ओलाव्याला सगळ्या इमारतीतच मुंग्या येत होत्या. हे मी एकदा त्यांना सांगितलं होतं.

"सगळ्या इमारतीचं मला सांगू नकोस," ते म्हणाले होते. "ही असताना ह्या घरात मुंगी नव्हती."

अट घातली तोही सोमवारच होता. तिथून सात जूनपर्यंत माझ्या हातात एकवीस दिवस होते.

आधी मी मुंग्या नीट बघितल्या. अनुष्काच्या खेळण्यांत एक स्वस्तातलं भिंग होतं, ते घेतलं. डोकं काळपट, पोट दुधाळ आणि जवळजवळ पारदर्शक, अंगाने अगदी बारीक. सरळ रांगेत चालता चालता मध्येच सैरावैरा पळायच्या. ही जात चावत नाही, पण हिच्या एका वसाहतीत राणी एकच नसते, दहा-वीस असतात, आणि घर धोक्यात आलं की एकेक राणी थोड्या मुंग्या घेऊन वेगळं बिऱ्हाड करते. मुंग्यांचा खडू मी मार्चपासून ओढत होते. पुसलं की रेघ जायची, जुनी झाली की मुंग्या तिच्यावरून चालायच्या. समोरच्या प्रेमलताकाकूंच्या सांगण्यावरून हळदही टाकून झाली होती. रांगेचा माग काढत गेले तेव्हा ती मिक्सरच्या मागून, ओटा आणि भिंत जिथे जोडली होती तिथल्या फटीत शिरताना दिसली. फट नखाएवढी होती. आत काय आहे ते भिंत फोडल्याशिवाय कळलं नसतं.

तेव्हा भिंतीतल्या राण्यांपर्यंत मला पोचता येत नव्हतं, पण मुंग्यांना येत होतं.

औषधाच्या दुकानातून मी बोरिक पावडर आणली, कॅरमच्या बोर्डावर टाकतात ती. पुडी दहा ग्रॅमची होती. घरात तराजू नव्हता, म्हणून पुडीच्या मापानेच एक लिटर पाणी घेतलं, त्यात अर्धी वाटी, म्हणजे शंभरेक ग्रॅम साखर विरघळवली आणि ती अख्खी पुडी टाकली. म्हणजे शंभरात एक भाग. ह्याहून जास्त घातली तर खाणारी मुंगी वाटेतच मरते. एवढीच घातली तर ती धडधाकट घरी पोचते, पोटातलं दुसरीच्या तोंडात देते, दुसरी तिसरीच्या, आणि तीन-चार दिवसांनी ते राण्यांपर्यंत जातं. अट एकच. त्या चार दिवसांत कुणीही एकसुद्धा मुंगी मारायची नाही.

हे मी जेवताना सासऱ्यांना समजावून सांगितलं. तसं करायला नको होतं.

"म्हणजे आता मुंग्यांना जेवायला घालायचं," ते म्हणाले.

"चार दिवस. आधी त्या वाढलेल्या दिसतील. मग कमी होतील."

"आमच्याकडे पाहुणेसुद्धा दोन दिवसांवर राहत नाहीत." त्यांनी ताकाचा घोट घेतला. "ठेव. बघू तुझं शास्त्र."

बुधवारी मी सोड्याच्या बाटल्यांची तीन बुचं त्या पाण्याने भरून फटीजवळ ठेवली. गुरुवारी सकाळी बुचांच्या कडा दिसत नव्हत्या, इतक्या मुंग्या होत्या. हे मला हवंच होतं. मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला वेळ आणि अंदाजे संख्या लिहून ठेवत होते.

शुक्रवारी अनुष्काला आंघोळ घालत असताना बाहेर सासऱ्यांचा आवाज ऐकू आला. "या, या वहिनी. बघा आमच्या सूनबाईंनी अन्नछत्र उघडलंय."

"अगं बाई!" प्रेमलताकाकू म्हणाल्या. "भाऊजी, ह्या तर शेकड्याने आहेत. मेघना, हे गं काय? हळद टाकायची की!"

"हळद टाकणारी साधी माणसं आपण. हे एम.एस्सी.चं काम आहे."

मी अनुष्काला टॉवेलात गुंडाळून बाहेर येईपर्यंत सगळ्या घरात फिनेलचा वास सुटला होता. ओटा ओला होता. तिन्ही बुचं कचऱ्याच्या डब्यात होती. मेलेल्या मुंग्यांचा एक काळा लगदा मोरीत वाहून गेला होता आणि सासरे फडकं पिळत होते. पाच वर्षांत त्यांच्या हातात फडकं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

"का पुसलंत, बाबा? अजून दोन दिवस हवे होते."

"माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत घाण चालणार नाही."

"तुम्ही ठेव म्हणाला होतात."

"चारचौघांत शोभा झाली. ती पुरे नाही का?" चारचौघांना त्यांनीच बोलावलं होतं. मुलीच्या अंगावर काटा आला होता, तिला कपडे घालायला आत घेऊन गेले.

दुसऱ्यांदा मी कुणाला सांगितलं नाही. सासऱ्यांचे गुडघे दुखायचे, ते ओट्याखाली वाकू शकत नसत. गॅसच्या सिलिंडरमागे, अगदी भिंतीच्या कोनात, मी दोन बुचं सरकवून ठेवली. तिथे अनुष्काचा हात पोचत नव्हता, तरी त्या दिवसांत मी तिला स्वयंपाकघरात क्षणभरही एकटी सोडली नाही. मुंग्यांनी दोन तासांत वाट बदलली. आता बहुतेक जणी ओट्यावर न येता खालच्या खालीच जात होत्या, वर थोड्याच दिसायच्या. मी दिवसातून तीनदा, फरशी पुसायच्या निमित्ताने पालथी पडून मोजत होते. रविवारी एकशे चाळीस, सोमवारी एकशे साठ, बुधवारी नव्वद, शुक्रवारी एकतीस. शनिवारी आठ होत्या, त्यातल्या दोन जागच्या जागी फिरत होत्या. एक जूनला, मंगळवारी, सकाळ-दुपार-संध्याकाळ तिन्ही वेळा एकही नाही.

त्या पहाटे सासऱ्यांचा टॉर्च ओट्यावरून तीन वेळा गेला. त्यांनी मिक्सर हलवला, पोळपाट उचलला, खिडकीची चौकट बघितली. मी चहाचं आधण ठेवत होते.

"आहे का एखादी?" मी विचारलं.

"एका दिवसाने काय होतंय? मुहूर्त झाला म्हणून कुणी लग्न झालं म्हणत नाही. आठवडाभर बघू."

"आठवड्याचं तेव्हा बोलला नव्हतात."

"उद्या बघू," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला हाक मारून उठवलं. "या मॅडम. या, बघा."

मिक्सरच्या मागून एक जाड रांग निघाली होती आणि मिक्सरच्याच खाली शिरत होती. ती आली ह्यात नवल नव्हतं. एवढ्या राण्यांतली एखादी उरतेच, आणि जवळ गोड सापडलं की उरलेल्या मुंग्या धावतात. पण ओट्यावर गोड काही नव्हतं. आदल्या संध्याकाळी मी तो दोनदा पुसला होता. सासरे आंघोळीला गेल्यावर मी मिक्सर उचलला. खाली चमचाभर साखर होती. सांडलेली साखर पसरते. ही एका जागी ढिगाने होती. आणि तिच्यातले बरेच दाणे लाल होते.

मी भिंगातून बघितलं. साखरेच्या कडांना कुंकू चिकटलं होतं. घरात कुंकू लागलेली साखर एकाच ठिकाणी होती, देव्हाऱ्यातल्या पितळी वाटीत. सासरे रोज गंध-कुंकू वाहून झालं की त्याच बोटांनी नैवेद्याची साखर घ्यायचे. त्या वाटीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा त्यांचाच नियम होता.

मी पांढऱ्या कागदावर थोडी साखर घेतली, कागदाची पुडी केली आणि वर तारीख लिहिली. मग ओटा पुसला.

त्याच दिवशी दुपारी मी अनुष्काला घेऊन इझाबेलबाईंकडे गेले. त्यांच्या ओटीवर सात-आठ मुलं झोपली होती आणि त्या दाराशी बसून शेंगा सोलत होत्या.

"सोमवारपासून आणू ना हिला?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे वर बघितलं. "तुजा सासरा आला व्हता परवा."

"इथे?"

"हितंच उभा व्हता, आत पन आला नाय. म्हनतो, आमची पोर घेऊ नका, तिची आई कुठं जात नाय. वर म्हनतो, आमच्यात मासळी चालत नाय, तुमच्या घरात पोरीला कुनी काय भरवलं तर?" त्यांनी शेंगेची साल टोपलीत टाकली. "मी म्हटलं, बाबा, माज्या घरात पोरं वरन-भात खातात आनि झोपतात. कोनाला घ्यायचं ते मी ठरवीन. तू पोरीची आय हाय का? नाय ना? मग जा."

"मग ते काय म्हणाले?"

"काय म्हनणार? गेला. तू आन गो पोरीला. पन सहा म्हंजे सहा. सव्वासहाला मला चर्चला जायचं असतं."

परतताना मी हिशोब लावत होते तो एवढाच, की सोमवारी, म्हणजे ओट्यावर मुंग्या अजून होत्या त्या दिवशीच, ते इझाबेलबाईंकडे जाऊन आले होते. मुंग्या गेल्या असत्या तरी त्यांनी मला जाऊ दिलं नसतं.

संध्याकाळी खोलीचं दार लावून मी जितेशसमोर पुडी उघडली. सासऱ्यांसमोर मी त्याला 'अहो' म्हणायचे, खोलीत 'तू'.

"हे मिक्सरखाली होतं. कुंकू बघ."

त्याने बघितलं. "चुकून सांडली असेल."

"मिक्सर उचलून, त्याच्या खाली?"

"मेघना, ते असं नाही करणार."

"ते पाळणाघरातही जाऊन आलेत. इझाबेलबाईंना विचार."

तो पलंगावर बसला. "मी काय करू सांग. वडील आहेत माझे. त्यांनी अट घातली, तू नाही म्हणाली नाहीस. आता मुंग्या दिसल्या म्हटल्यावर मी कुठल्या तोंडाने बोलू?"

"आणि दिसल्या नसत्या तर?"

"तर बोललो असतो. शप्पथ. शब्द म्हणजे शब्द. तिथे मी बाबांनाही मागे हटू दिलं नसतं."

मला हसू आलं नाही. पण त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की जितेशला खरं काय आणि खोटं काय ते नकोच होतं. त्याला आड उभं राहायला वडिलांचा शब्द हवा होता. तो शब्द पुरा झालेला त्याला दिसला असता, तर त्याच्याच मागे उभं राहून तो माझ्या बाजूने बोलला असता. मला फक्त एकच दिवस हवा होता, आणि सासऱ्यांच्या तोंडून एक वाक्य.

गुरुवारी दुपारी आम्ही दोघंच जेवायला होतो. मी त्यांचं ताट वाढलं आणि ताटाशेजारी पुडी उघडी करून ठेवली.

"हे काय?"

"काल मुंग्या ही साखर खात होत्या. देव्हाऱ्यातली आहे."

त्यांनी घास खाली ठेवला. कपाळाची शीर उभी राहिली. "म्हणजे मी टाकली?"

"मी तसं म्हटलं नाही."

"मुंग्यांनी ओढून नेली असेल. देवाची साखर मुंग्या खात नाहीत काय?"

"मुंग्या एकेक दाणा ओढतात, बाबा. ढीग करत नाहीत."

"मला शिकवतेस?" त्यांनी ताट हाताने लांब सारलं. "स्वतःला ओटा स्वच्छ ठेवता येत नाही, आणि सासऱ्याला चोर ठरवतेस? माझ्या घरात बसून? ह्या घरात मुंग्या आहेत त्या तुझ्या आळसामुळे. बाकी कारण नाही."

ह्यापुढचं मी ठरवून बोलले. ते इथे स्पष्ट सांगायला हवं.

"आळसाचा प्रश्न नाही," मी म्हटलं. "ह्या मुंग्या मला आवरल्या नाहीत, हे खरं. पण ह्या कुणालाच आवरणार नाहीत. तुम्हालाही नाही."

"मला?"

"हो. बाजारातलं औषध मारून जाणाऱ्यांतल्या नाहीत ह्या. तुमच्याच्याने होणार नाही."

"पस्तीस वर्षं मी गोदामं तपासली!" ते ओरडले. अनुष्का आतल्या खोलीत झोपेतून दचकून उठली. "उंदीर, घुशी, धान्यातले किडे, असे ट्रकच्या ट्रक साफ करून घेतलेत. आणि ह्या चिमूटभर मुंग्या? एका दिवसात एक शिल्लक ठेवणार नाही. एका दिवसात!"

"बघू," मी म्हटलं, आणि मुलीकडे गेले.

फवाऱ्याने काय होतं ते मला माहीत होतं. समोर दिसतील त्या सगळ्या मरतात. भिंतीतल्या मुंग्यांना विषाचा वास लागतो, त्या घाबरतात, आणि एकेक राणी आपला जथा घेऊन नव्या जागी जाते. एका घराची तीन-चार घरं होतात. पण नवी जागा लावून, पिलं हलवून, नव्या वाटा पाडून बाहेर यायला त्यांना आठ-दहा दिवस लागतात. तेवढे दिवस स्वयंपाकघर अगदी स्वच्छ दिसतं. ह्यातलं मी सासऱ्यांना काहीच सांगितलं नाही. एकदा समजावून सांगितल्याचं फळ मी बघितलं होतं.

शुक्रवारी ते स्टेशनाजवळून पंपाचा फवारा आणि औषधाची मोठी बाटली घेऊन आले. संध्याकाळी मी पिठाचा डबा, तांदूळ, डाळी, तेल आणि पोळपाट-लाटणंसुद्धा आतल्या खोलीत पलंगाखाली हलवलं आणि पिंपांवर जाड प्लास्टिक बांधलं. ते दारात उभे राहून बघत होते. मी हार मानून त्यांना मैदान मोकळं करून देते आहे, असं त्यांना वाटलं असावं. शनिवारी सकाळी अनुष्काला घेऊन मी दिवसभरासाठी इझाबेलबाईंकडे गेले. ती तिथे कशी राहते तेही बघायचं होतं. ती दोन वेळा रडली, वरण-भात खाल्ला आणि झोपली.

संध्याकाळी परत आलो तेव्हा घराच्या जिन्यापर्यंत वास येत होता. फटीत, नळाच्या मागे, स्विचबोर्डाखाली, सिलिंडरच्या कोनात, जिथे जिथे फवाऱ्याची नळी शिरली तिथे त्यांनी बाटली रिकामी केली होती. त्यांचे डोळे लाल झाले होते आणि ते सारखे खोकत होते. मी खिडक्या उघडल्या, ओटा आणि फरशी साबणाने तीनदा धुतली. मेलेल्या मुंग्या केरसुणीने नाही, सुपलीने भरल्या.

रविवारी पहाटे साडेपाचला टॉर्च लागला. सहा वाजता त्यांनी जितेशला उठवलं. साडेसहाला समोरचं दार वाजवलं.

"या वहिनी. त्या दिवशी अन्नछत्र बघितलंत ना? आता हे बघा. एक मुंगी दाखवा."

प्रेमलताकाकू पदराने नाक धरून आत आल्या. "नाही हो भाऊजी, खरंच नाही. एकाच दिवसात?"

"एकाच दिवसात. आणि एम.एस्सी. न करता." ते माझ्याकडे वळले. "काय? होणार नव्हतं ना माझ्याच्याने?"

"सगळीकडे बघितलंत, बाबा?" मी विचारलं. "सिलिंडरच्या मागे?"

"आरसा धरून बघितलं."

"देव्हाऱ्यात?"

"देव्हाऱ्यात, पिंपाखाली, नळावर, सगळीकडे! ह्या स्वयंपाकघरात एक मुंगी नाही. एकही मुंगी दिसत नाही मला."

"मग मी उद्या कामावर जाते," मी म्हटलं.

प्रेमलताकाकूंनी नाकावरचा पदर काढला. "कुठल्या कामावर गं?"

"कामणला. नेमणूक झाली आहे. बाबांनी शब्द दिला होता, ज्या दिवशी ह्या स्वयंपाकघरात त्यांना एक मुंगी दिसणार नाही त्या दिवशी खुशाल जा, मी अडवणार नाही." मी जितेशकडे बघितलं. "हे होते तिथे."

जितेश देव्हाऱ्याकडे बघत होता. मला वाटलं, तो आताही निसटेल.

"ते तू मुंग्या घालवशील तर," सासरे म्हणाले. "ह्या मी घालवल्या."

"कुणी घालवायच्या ते तुम्ही बोलला नव्हतात."

"जितेश!"

"बाबा," जितेश म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक होता की काकू पुढे झुकल्या. "तुम्ही असंच म्हणाला होतात. माझा शब्द आहे म्हणालात. मी म्हटलं, ऐकलं."

"ही तुला नाचवतेय, कळतंय का?"

"कळतंय. पण तुम्ही म्हणाला होतात."

प्रेमलताकाकू हळूच म्हणाल्या, "भाऊजी, शब्द दिला असेल तर मग…"

"तुम्ही घरी जा, वहिनी," सासरे म्हणाले. काकू निमूट गेल्या. मग त्यांनी फवारा उचलून मोरीत फेकला, तसा त्याचा दांडा मोडून भिंतीवर आपटला. "जा. जा तू. पण घरी आल्यावर पाण्याचा पेला विचारणार नाही मी तुला. ह्या घरात कुणी तुझ्याशी बोलणार नाही."

"ह्यापूर्वी बोलत होतात ते मी ऐकलंय," मी म्हटलं.

सोमवारी मी हजर झाले. कारखान्यात मला एक पांढरा कोट, एक कपाट आणि जुना पण चांगला तराजू मिळाला. तो दशांश मिलिग्रॅमपर्यंत मोजत होता. जितेशने पहिल्या दिवशी पाच पन्नासला अनुष्काला आणलं, दुसऱ्या दिवशी सहाला पाच मिनिटं कमी असताना. सासरे बोलत नव्हते. मी करून ठेवलेलं ते जेवायचे, ताट घासायला न टाकता ओट्यावर ठेवायचे, आणि रोज पहाटे टॉर्च फिरवायचे. रोज ओटा स्वच्छ असायचा. त्यांचं तोंड रोज जास्त कडू होत होतं, कारण त्या स्वच्छ ओट्याचं श्रेय त्यांचंच होतं.

पंधरा जूनला, मंगळवारी, जितेश गेल्यावर त्यांनी मला हाक मारली. नऊ दिवसांत पहिल्यांदा.

मी अनुष्काच्या पायात बूट घालत होते. तिला कडेवर घेऊन गेले. एक रांग स्विचबोर्डातून निघून खाली येत होती. दुसरी पिंपाच्या मागून. तिसरी कपाटाच्या बिजागरीतून निघून थेट त्यांच्या चहाच्या साखरेच्या डब्यात जात होती. टॉर्च कुठे धरावा ते त्यांना कळत नव्हतं. तो एका रांगेवरून दुसरीवर जात होता.

"तीन जागा," ते म्हणाले. "पूर्वी एक होती."

"हो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुला माहीत होतं."

"होतं."

"आणि बोलली नाहीस."

"आधी बोलले होते तेव्हा तुम्ही फिनेल ओतलंत."

अनुष्का वाकून मुंग्यांकडे बोट दाखवत होती. मी तिचा हात धरला, तिचा डबा पिशवीत टाकला. घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि इझाबेलबाईंकडे जाऊन मला स्टेशन गाठायचं होतं.

"ते तुझं साखरेचं पाणी," सासरे माझ्या पाठीमागून म्हणाले. आवाजात हुकूमच होता, नेहमीचा. "ते ठेव इथे."

"रविवारी बघते," मी म्हटलं. "आता मला वेळ नाही."